उसवणी

बाइंडरकाकांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना आता कंटाळा यायचाही कंटाळा आला होता. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात बसून एकतीस वर्षं त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली शिवल्या होत्या. शिवण अशी घट्ट की फाईल हातातून पडली तरी पान हलायचं नाही. त्याच फायली आता स्कॅनिंगसाठी वर जात होत्या. सोमवारी त्यातल्या चाळीस परत आल्या. मागोमाग स्कॅनिंगच्या ताईही आल्या.

"काका, आतला कॉलम येतच नाहीये." त्यांनी छापून आणलेलं पान पुढे केलं. प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं शिवणीत गडप झाली होती.

"जरा दाबून धरा की."

"धरलं. एका फाईलची पाठच तडकली."

काकांनी चष्मा चढवून पान न्याहाळलं. "एवढ्या वर्षांत एकाही वाचकानं तक्रार केली नाही."

"कुणी उघडल्या तर करणार ना," ताई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"असू द्या. खरंच आहे ते. मग आता?"

"उसवाव्या लागतील. अकराशे आहेत."

"आणि पुन्हा शिवायच्या?"

"नाही. सुटी पानं खोक्यांत ठेवायची, असं वरून आलंय."

साहेब दुसरा माणूस द्यायला तयार होते. काका नको म्हणाले. दुसरा सरळ कात्री चालवेल आणि पानं फाडून ठेवेल. कुठली गाठ कुठे आहे, ते त्यांनाच ठाऊक होतं.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "चेहरा का उतरलाय?"

"केलेलं सगळं उसवत बसलोय."

"मग काय झालं? माझा सकाळचा स्वयंपाक रात्रीपर्यंत कुठे उरतो?"

काका बऱ्याच दिवसांनी हसले. पाठ मात्र दुखतच राहिली.

पाच महिन्यांत सहाशेच्या वर फायली मोकळ्या झाल्या. शेवटच्या दिवशी ताईंनी त्यांना वर बोलावून पडद्यावर एक पान दाखवलं. कुठल्याशा जुन्या वर्षातली सूचना होती: दुरुस्तीमुळे दोन दिवस नळाला पाणी येणार नाही. काकांनी ती ओठ हलवत शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

"नीट आलंय," ते म्हणाले.

"निरोपाचा चहा साडेचारला आहे हं, काका."

घड्याळात पावणेचार झाले होते. काका जिना उतरून खाली गेले आणि त्यांनी पुढची फाईल ओढली.