पिवळ्या मिशांचं फुलपाखरू

"कोनी मानणार नाही, पन या खेपेले खरं सांगून राहिलो," चहाच्या टपरीवर म्हातारा रेवाराम म्हणाला. "बाबाचं फुलपाखरू रंगवलेलं आहे."

कोणी मानलं नाही. मगरीवर बसून आपण अर्जुनीचा बाजार केला, हे याच माणसानं याच बाकावर सांगितलं होतं. केशोरी गावात रीतच पडली होती: रेवाराम बोलला की तपासायचं, बाबा बोलला की हात जोडायचे.

बाबाचा मांडव आंब्याखाली. काचेच्या बरणीत पिवळंधमक फुलपाखरू. बाबा तीर्थ शिंपडायचा आणि पिवळे पंख बघता बघता लाल व्हायचे. "पिवळं पडलेलं रक्त असंच लाल होईल. गोळ्या बंद, तीर्थ चालू. शंका आली की गुण गेला." मोठं सोयीचं औषध! गुण आला तर बाबाचा, नाही आला तर शंकेचा.

रेवारामची नात रीना सिकलसेलची, रक्ताच्या आजाराची रुग्ण. तिचे डोळे पिवळे झाले होते, आणि सून प्रेमिलानं तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या. उद्या गोंदियाच्या दवाखान्याची तारीख. "आता कायले जायचं?" प्रेमिला म्हणायची.

फुलपाखरांचे फोटो काढणारे योगराज गुरुजी दुर्मीळ रंग सापडला म्हणून धावत मांडवात गेले होते. हिरमुसून परतले. रेवारामला म्हणाले, "हे मूळचं पांढऱ्या जातीचं. त्यात एखादं वेगळ्या रंगाचं निघतं, मी पाहिलंय. पण तो रंग पंखांच्या खवल्यांतच असतो. याच्या मिशा पिवळ्या, पाय पिवळे, बरणीच्या तळाशी पिवळी भुकटी. हळद चोळली आहे."

"मंग सांगा ना लोकाइले."

"सांगितलं. म्हणाले, गुरुजी, तुम्ही नास्तिक."

खरं बोलून भागेना, तेव्हा रेवाराम आपल्या मूळ धंद्यावर आला. संध्याकाळी भरल्या मांडवात त्यानं बाबापुढे लोटांगण घातलं.

"बाबा, तुमचं तीर्थ सिद्ध आहे. मी घरी पारखलं. हळदीवर टाकलं, तं हळद पिवळीच राहिली. लाल होते ते फक्त तुमचं फुलपाखरू."

बाबा फुलला. "सौ टका सच, भक्ता. मामुली हळदीला तीर्थ शिवणारही नाही."

रीनाला घेऊन पुढे बसलेल्या प्रेमिलाच्या कपाळाला आठी पडली. सासऱ्याची थाप तिला वासावरून कळायची. तिनं पूजेच्या ताटातली चिमूटभर हळद तळहातावर घेतली आणि तीर्थाचे दोन थेंब सोडले.

हात लालभडक.

"शंका नको, बेटी," बाबा घाईनं म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. दर लग्नात नवरदेवाला ओवाळायचं लाल पाणी तीच कालवत आली होती. तळहात तिनं बायकांपुढे धरला.

"चुन्याची निवळी आहे हे. हळदीत टाकली का लाल होते, आपल्याले का मालूम नाही? मामाजीचं रोज तपासतो, बाबाचं कोनीच नाही तपासलं. मीबी नाही." मग ती रेवारामकडे वळली. "रीनाले आता घरी नेऊन गोळी देतो. सकाळच्या बसनं गोंदियाले निघू. पन मामाजी, तुमी खोटं बोलले."