गोधडीचं नाक

डोळे मिटून जरा कल्पना करा. तुम्हाला आठ पावलांची खोली दिली आहे. आठ पावलं झाली की भिंत. वळायचं, पुन्हा आठ. अशी अकरा वर्षं गेली. मग एक दिवस कुणीतरी दार उघडलं आणि समोर मोकळं अंगण! तुम्ही किती पावलं चालाल?

गोधडी आठच चालली आणि वळली.

गोधडी ही एक अस्वलीण. सर्कशीच्या पिंजऱ्यातून सोडवून तिला अस्वलांच्या निवारा केंद्रात आणलं होतं. तिथं तिची देखभाल एक मावशी करायची. सुट्टीत या मावशीकडे तिची नऊ वर्षांची भाची राहायला आली. ती दिवसभर इतके प्रश्न विचारायची, की मावशीनं तिचं नावच पाडलं, भोचक.

भोचकला एक काम मिळालं. सकाळी गोधडी आतल्या खोलीत असताना अंगणात सफरचंदं, खजूर, शेंगदाणे लपवून ठेवायचे. रानातलं अस्वल हुंगत, उकरत अन्न शोधतं. तसं काम मिळालं की पिंजऱ्यातल्या फेऱ्यांची सवय सुटायला मदत होते.

पण केंद्राचे डॉक्टर वैतागले होते. "चार मिनिटांत सगळं फस्त! मग दिवसभर फेऱ्या. एकदाही हुंगत नाही. शुक्रवारपर्यंत असंच राहिलं, तर झाडीच्या मोठ्या आवारात हिला सोडता येणार नाही. तिथं उपाशी बसेल."

मावशीचा चेहरा उतरला. भोचकला मात्र वेगळंच कोडं पडलं. न हुंगता चार मिनिटांत सापडतं तरी कसं?

गुरुवारी ती स्टूल घेऊन जाळीपाशी बसली. गोधडी बाहेर आली ती सरळ पोकळ ओंडक्याकडे गेली. तिथून टायरकडे, मग मोठ्या दगडामागे. आपल्याच स्वयंपाकघरातले डबे काढावेत तशी!

भोचकचे कान गरम झाले.

"मावशी, तू रागावशील?"

"कशावर, ते सांग आधी."

"मी रोज तिथंच ठेवते. ओंडका, टायर, दगड. तिला पटकन मिळावं म्हणून. ती शोधत बसेल, या विचारानंच मला कसंतरी होतं."

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

मावशीनं कपाळावर हात मारला आणि हसतच सुटली. "अगं भवाने, खानावळच उघडलीस की! आणि आम्ही त्या बिचारीच्या नाकाला बोल लावतोय."

"डॉक्टरकाकांना सांगू नको ना."

"मी कशाला सांगू? तू सांगणार आहेस."

तिनं सांगितलं, चपलेकडे बघत. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे तिला शोधायला कधी काही मिळालंच नाही! ठीक आहे. उद्याची सकाळ आहे तुमच्याकडे."

शुक्रवारी खजूर मातीत पुरले गेले, सफरचंदं पाचोळ्यात गेली. मावशीच्या खांद्यावर चढून भोचकनं खोडाच्या फटीत मधही चोपडला.

दार उघडलं. ओंडका रिकामा. टायर रिकामा. दगडामागेही काही नाही. गोधडी थबकली आणि थेट जाळीपाशी येऊन स्टुलावर बसलेल्या भोचककडे बघू लागली. पाचोळ्याचा ढीग तिच्यापासून तीन हातांवर होता. डॉक्टर घड्याळ बघत होते. वारा सुटला, तसं गोधडीचं नाक किंचित हललं. हललं, की भास झाला?

भोचकचं बोट आपोआप पाचोळ्याकडे वळायला लागलं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली कोंबले, त्यांवर गच्च बसली आणि ओठ घट्ट मिटून नुसती बघत राहिली.