पुढचा ब्रेक

धम्मप्रियानं ब्रेकची सगळ्यात मोठी चकती उचलली आणि गुरप्पाच्या काउंटरवर खणकन ठेवली.

“ही पुढं,” ती म्हणाली. “आणि तिच्याहून लहान ती मागं.”

गुरप्पानं चकतीकडं पाहिलं, मग तिच्या वडलांकडं पाहिलं. दुकान गुरप्पाचं, सायकल धम्मप्रियाची, पण हणमंत कांबळे समोर उभे असताना ब्रेकबद्दल निकाल कोण देणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उभा जन्म सोलापुरात सिटी बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या बसनं कुणाला साधं खरचटवलंही नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नसत. गल्लीच सांगायची.

“उलटं बोलायलीस,” पप्पा म्हणाले. “मोठी मागं लावायची. पुढं न्हाई लावली तरी चालतंय.”

“उतारावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतंय, पप्पा. सायकल थांबवायची ती त्यानंच.”

“थांबवत न्हाई ते. तोंडावर पाडतंय.”

तिची सायकल दुकानाच्या पायरीपाशी उलटी करून ठेवली होती. जाड टायर, पुढं मागं शॉक, डोंगराच्या माथ्यावरून दगडधोंड्यांतून सुसाट खाली सोडायची सायकल. आधीची मोडली होती; ही पुण्याच्या एका पोरानं तिला ब्रेक काढूनच विकली होती. सोलापुरात डोंगर कुठंय, असं तिला पोस्टातल्या कामावरचे सगळे विचारायचे, आणि ती म्हणायची, न्हाई म्हणूनच बाहेर जाते की! पुढच्या रविवारी साताऱ्याकडच्या डोंगरात शर्यत होती. मागच्या वर्षी तिथंच, त्याच शर्यतीत, ती गळ्याचं हाड मोडून घेऊन घरी आली होती. तेव्हापासून घरात शर्यत हा शब्दच कुणी काढत नव्हतं.

“चार पिस्टनचे तेलाचे ब्रेक दे,” ती गुरप्पाला म्हणाली. “वायरचे नकोत. उतार लांब आहे, वायर ओढून ओढून हात गळून जातात.”

“तेलाचे घे, वायरचे घे, तुला काय घ्यायचं ते घे,” पप्पा मध्येच म्हणाले. “पण मागंच लाव. गुरप्पा, ऐकायलास का?”

“ऐकायलोय की, मामा.” गुरप्पा कान खाजवत म्हणाला. “पण सायकल तिची हाय.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. गुरप्पाच्या दुकानात, पंपाच्या मागं, एक लाकडी खोकं होतं. त्याच्या वडलांच्या काळापासूनचं. पोराला नवी सायकल घेतली की बाप दुकानातच सांगायचा, पुढचा ब्रेक काढ. पोरगं घाबरून दाबंल आणि दात पाडून घेईल. मग तो ब्रेक त्या खोक्यात जायचा. शहाणीसुरती माणसं, स्वतःच्या पैशानं घेतलेला चांगला ब्रेक काढून ठेवायची आणि वर समाधानानं घरी जायची! धम्मप्रियाच्या पहिल्या लाल सायकलचा ब्रेकही त्यातच कुठंतरी होता. पप्पांनी पार्क मैदानावर तिला सायकल शिकवली ती मागच्या ब्रेकावर. पुढचा ब्रेक दाबतात तो तिचा उजवा हात मुठीत धरून ते सोबत पळायचे आणि ओरडायचे, “हा हात मेलेला समज! डावा, डावा दाब!”

तिनं तो हात मेलेला समजला. पुढं कितीतरी वर्षं समजला.

“एक विचारू?” ती पप्पांकडं वळली. “तुमच्या बसला काय फक्त मागच्याच चाकांना ब्रेक होता?”

गुरप्पानं खाली बघून हसू दाबलं. पप्पांचा चेहरा लाल झाला.

“बस बसच्या जागी. बस काय कोलांटी खाती का? गेल्या वर्षी तुला दवाखान्यातून उचलून आणली ती मी आणली. तू न्हाई.”

त्याच्यावर तिच्याकडं उत्तर होतं. वर्षभर होतं. पण ते तोंडाशी आलं की तिला त्या दिवसांतले पप्पा आठवायचे. आई नर्स, तिची सकाळची ड्युटी. धम्मप्रियाचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून पप्पा वेणी घालायला शिकले होते. बस चालवलेले ते राठ हात, पेडात अडकायचे, आणि दर वेणीला ते पुटपुटायचे, त्या पुढच्या ब्रेकनं घात केला माझ्या पोरीचा. ती ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची. ते गप्प बसणं आता तिच्या अंगावर आलं होतं.

“लाव, गुरप्पा,” ती म्हणाली. “पुढं मोठी, मागं लहान.”

“मग मी काय बघायला येणार न्हाई,” पप्पा म्हणाले.

“नका येऊ.”

 पप्पांनी आपली जुनी काळी सायकल स्टँडवरून काढली आणि मागं न बघता निघून गेले. त्यांच्या सायकललाही पुढचा ब्रेक नव्हता, हे सांगायला नकोच.

नवे ब्रेक बसवले म्हणून लगेच धरत नाहीत. ते मुरवावे लागतात. वेगात यायचं, दाबायचं, सायकल थांबायच्या बेतात आली की सोडायचं, पुन्हा वर जायचं, पुन्हा खाली. तेव्हा कुठं पॅड आणि चकतीची ओळख होते. त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मप्रिया हिप्परग्याच्या तलावावर गेली. बांधावरून खाली उतरणारा मातीचा रस्ता तिनं आधीच हेरून ठेवला होता.

ती हेल्मेट घालत होती तोवर बांधाच्या कडेनं काळी सायकल आली. पप्पा उतरले, धापा टाकत होते.

“येणार नव्हता ना?”

“तुला बघायला न्हाई आलो. तलाव बघायला आलो.”

त्यांनी तलावाकडं तोंड केलं आणि पाठमोरे उभे राहिले. ती खाली सुटली. अर्ध्यात उजवं बोट लिव्हरवर गेलं, अंग मागं सरकलं, हात ताठ झाले, आणि सायकल खसकन मंदावली. पहिल्यांदा ब्रेक किंचाळला. पप्पा गर्रकन वळले.

“डावा दाब! डावा!”

ती वर आली, पुन्हा सुटली. पुन्हा तेच. दर खेपेला ब्रेकचा आवाज कमी होत गेला आणि पप्पांचा वाढत गेला. शेवटी ते रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, बस अडवावी तसे. तिनं त्यांच्यापासून दोन पावलांवर सायकल थांबवली. चाक घसरलं नाही, मागचं उचललं नाही, काही नाही.

“ऐकायचंच न्हाई का तुला?” त्यांचा आवाज फाटला. “एकदा पडलीस ते बास न्हाई झालं? का मरायचंय?”

“मरायचं न्हाई म्हणूनच लावलाय!” तीही ओरडली. “गेल्या वर्षी मी पुढचा ब्रेक दाबलाच नव्हता, पप्पा.”

तिनं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं.

“वळण आलं आणि मी डावा दाबला. जीव खाऊन दाबला. मागचं चाक जाम झालं, सायकल आडवी घसरत गेली, गेली ती थेट घळीत. उजव्या हाताचं एक बोटसुद्धा हललं न्हाई माझं. तो हात मेलेलाच होता.”

वाऱ्यानं तलावाचं पाणी बांधाच्या दगडांवर आपटत होतं. पप्पांनी पसरलेले हात हळूहळू खाली घेतले.

“मग वर्षभर बोलली का न्हाईस?”

“तुमी वेणी घालत होता,” ती म्हणाली. तिला रडू आलं आणि त्याचा राग आला. “पण मी रविवारी जाणार. हाच ब्रेक घेऊन जाणार. तुमाला वाईट वाटलं तरी जाणार.”

पप्पा वळले. त्यांनी काळी सायकल उचलली, उताराला लावली आणि खाली निघाले. मागचा ब्रेक करकरत होता, तरी सायकल आवरेना, तेव्हा त्यांनी दोन्ही चपला मातीत घासत नेल्या. धुळीची एक रेघ खालपर्यंत उठली. ती वर उभी राहून ते पार हायवेला लागेपर्यंत बघत होती. हाक मारावी असं फार वाटलं. मारली नाही.

त्या रात्री जेवायला दोघं समोरासमोर बसली. आईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि भाकरी वाढत राहिली. सकाळी धम्मप्रिया उठली तेव्हा पप्पा घरात नव्हते.

संध्याकाळी पोस्टातून सुटून ती लिव्हर थोडा आत सरकवून घ्यायला गुरप्पाकडं गेली. पायरीपाशी काळी सायकल उलटी उभी होती. गुरप्पानं तिच्याकडं बघून नुसती मान पंपाच्या दिशेनं वळवली. पंपामागं पप्पा उकिडवे बसले होते. पुढ्यात ते लाकडी खोकं होतं. एकेक ब्रेक काढायचे, दाबून बघायचे, गंजका निघाला की बाजूला टाकायचे. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

ती शेजारी जाऊन बसली.

“हसलीस तर बघ,” पप्पा खोक्यातून मान वर न काढता म्हणाले.

“न्हाई हसत.”

एक ब्रेक त्यांना पटला. लहान होता, पोराच्या सायकलचा, दांडीवर लाल रंगाचे टवके राहिलेले. त्यांनी तो बाहीनं पुसला, उलटासुलटा केला, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, सगळ्यांच्या देखत, उजवा हात तिच्यापुढं केला.

“कुठल्या बोटानं दाबायचा?”

धम्मप्रियानं त्यांचं काळं झालेलं पहिलं बोट धरून त्या दांडीवर ठेवलं.

“ह्यानं,” ती म्हणाली. “आधी हळू.”