खिडकीत ठेवलेली गुलाबी पेटी

माझ्या अंगावर पाच गुलाबी चौकोन आहेत, एकाखाली एक. सर्वांत खालचा चौकोन इतका फिकट आहे की पांढऱ्या कागदासमोर धरल्याशिवाय तो गुलाबी आहे हे कळत नाही. पूर्वी तो तसा नव्हता.

मित्रांनो, मी पाणी तपासायची एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटले तरी आकाराने साबणाच्या वडीएवढीच. माझ्या पोटात एक काचेची नळी बसते. तिच्यात नळाचे पाणी घ्यायचे, एक छोटी गोळी टाकायची आणि हलवायचे. पाण्यात जंतू मारणारे क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होते. क्लोरीन जितके जास्त, तितका रंग गडद. तो रंग माझ्या कोणत्या चौकोनाशी जुळतो ते पाहायचे, की झाली तपासणी. खालचा चौकोन ०.२ चा, म्हणजे लिटरभर पाण्यात ०.२ मिलिग्रॅम क्लोरीनचा. पाइपाच्या अगदी शेवटच्या नळालाही तेवढे क्लोरीन हवेच. त्याहून कमी झाले, तर जंतूंना रान मोकळे.

कारखान्यात एका बाईंनी पांढऱ्या दिव्याखाली माझे चौकोन तपासले होते. माझ्या आधीच्या तीन पेट्या त्यांनी बाजूला काढल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही पास." तो माझ्या आयुष्यातला पहिला अभिमानाचा क्षण.

तिथून मी बासष्ट घरांच्या एका वस्तीत आले. एक विहीर, एक टाकी आणि एक पंपचालक. त्यांच्याहून मोठी माणसेही त्यांना 'दादा' म्हणत. अपवाद एकच, त्यांची थोरली बहीण. चढावरच्या शेवटच्या घरात राहणाऱ्या या बहिणीला सगळी वस्ती 'अक्का' म्हणे, आणि अक्का दादांना म्हणत, "अरे ए."

रोज सकाळी आठ वाजता मला खिशात घालून दादा तो चढ चढत आणि अक्कांच्या अंगणातल्या नळाचे पाणी तपासत. पंपघराच्या दारातही नळ होता. कोणी म्हणे, "दादा, इथंच बघा की, पाय वाचतील." त्यावर ते म्हणत, "त्याला काय विचारायचं? तो टाकीच्या मांडीवरच बसलाय. खरं काय ते लांबचा सांगेल."

असे माझे दादा. एक दिवस तपासणीला आलेले साहेब त्यांची नोंदवही चाळून म्हणाले, "इतकं नीट काम मी कुठंच पाहिलं नाही." दादांची छाती फुगली. त्या आनंदात त्यांनी मला फडताळातून काढले आणि पंपघराच्या खिडकीत मांडले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावे म्हणून. मीही ऐटीत बसले. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत 'उन्हात ठेवू नये' असे लिहिले होते. पण पाठ होती खाली.

त्या खिडकीत रोज दुपारी दोन तास ऊन येई. असे चार वर्षे आले.

माझ्या चौकोनांचा रंग हळूहळू उडत गेला, केस पिकावेत तसा, रोज पाहणाऱ्याला न कळता. मग फिकट पाणीही माझ्याशी जुळू लागले. दादांना वाटे, आज क्लोरीन जरा जास्तच दिसतेय. की ते टाकीतला डोस किंचित कमी करत. मी फिकी होत गेले आणि माझ्यामागून पाणी फिके होत गेले. वहीत मात्र रोज ०.२. हे सगळे मला दिसत होते, पण सांगायला तोंड नव्हते.

मध्ये पाणीपुरवठा कार्यालयाकडून नवी पेटी आली. ती दोन वर्षे कपाटात प्लास्टिकच्या वेष्टनात पडून राहिली. "जुनी धडधाकट आहे की," दादा म्हणत. "नवी काढू. घाई काय आहे?"

घाई अक्कांना झाली. त्यांची नात सहा महिन्यांची झाली होती आणि आता तिला घोट घोट पाणी द्यायचे होते. एका सकाळी दादा अंगणात शिरले, तर चुलीवर पातेल्यात पाणी रटरटत होते.

"हे काय, अक्का? माझं पाणी उकळतेस?"

"पाणी नाही रे, तुझा हट्ट उकळतेय. बघू, मऊ होतो का."

"रोज तपासतो मी. वही आणून दाखवू?"

"वही नको दाखवूस. पूर्वी तांब्या तोंडाला लावला की औषधाचा वास यायचा. वर्ष झालं, काही येत नाही."

"तुला सर्दी असेल."

"वर्षभर?"

दादांना ते फार लागले. ते तडक पंपघरात गेले, कपाट उघडले आणि नव्या पेटीचे वेष्टन फोडले. मीच खरी हे त्यांना दाखवायचे होते. पुन्हा चढ चढून त्यांनी आम्हा दोघींना कट्ट्यावर शेजारी ठेवले. एकाच नळाचे पाणी, एकाच पाकिटातल्या गोळ्या. दोन्ही नळ्यांत सारखाच गुलाबी रंग आला.

माझ्यात तो ०.२ शी तंतोतंत जुळला. नवीत तो खालच्या चौकोनाहूनही कितीतरी फिका होता.

दादांनी नळ्यांची अदलाबदल केली. उत्तर तेच. मग त्यांनी मला उचलले, पालथे केले आणि चार वर्षांनी माझी पाठ वाचली.

मित्रांनो, वस्तीत कोणी आजारी पडले नव्हते. ते आमचे नशीब, माझी कर्तबगारी नव्हे. आता मी एका खणात असते, छान अंधारात, आणि सुखात आहे. तुमच्याकडे मोजायची कोणतीही वस्तू असेल, तर तिचे कौतुक जरूर करा. पण अधूनमधून तिलाही कशाशी तरी ताडून बघा. आम्हाला आमचे फिके होणे स्वतःहून सांगता येत नाही.

त्या सकाळी पाठ वाचून दादा कट्ट्यावर बसले. अक्कांच्या जिभेवर पुष्कळ काही असणार. पण त्यांनी नातीला आणून भावाच्या मांडीवर ठेवले. पोरीने माझ्याकडे हात पसरला. दादांनी मला तिच्या हाताच्या आवाक्याबाहेर सरकवले आणि म्हणाले,

"अक्का, आजपासून ही पेटी बंद. डोस मी आत्ता जाऊन वाढवतो. आणि नवी पेटी हो म्हणेपर्यंत सगळ्यांनी पाणी उकळूनच प्यायचं. बासष्ट घरांत मी स्वतः जाऊन सांगणार. चूक माझी होती, हेसुद्धा."