थोरल्या दिरासमोर

पिठाच्या गिरणीपाशी थांबून भिमाजी जोरात खाकरला आणि मनात शंभरापर्यंत मोजायला लागला. धाकट्या भावाचं घर अजून वीस-पंचवीस पावलं लांब होतं. गिरणीवाला भागू दळण ओतता ओतता हसला.

"बाबा, खोकला लई दिस झाला. छातीचा फोटो काढा एकदा."

"तुझ्या थोबाडाचा काढ आधी," भिमाजी म्हणाला आणि आकडा विसरला. परत एकपासून धरलं.

खोकला-बिकला काही नव्हता. भाऊ वारला होता, त्याची बायको प्रयागबाई आता सत्तरीला आलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती थोरल्या दिरासमोर कधी बसली नव्हती. तो दारात दिसला की उठायचं, पदर पुढं ओढायचा, भिंतीला लागून उभं राहायचं. बोलायचं झालं तर तिसऱ्याच्या तोंडून. या महिन्यात दोनदा ती तशीच झटक्यात उठली आणि कोसळली. दुसऱ्या वेळी उंबऱ्यावर कपाळ फुटलं. पाच टाके पडले.

मंचरच्या डॉक्टरनं तिचं बीपी आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. उभं राहिलं की एकदम खाली येतं म्हणाला. गोळी बदलली. उठायच्या आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, जास्त वेळ एका जागी उभं राहायचं नाही. आता पडली आणि खुबा मोडला, तर परत चालणं अवघड.

म्हणून हे लांबून खाकरणं. तिला सावकाश उठता यावं.

शंभर झाले. दार उघडंच होतं. प्रयागबाई भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. सून सरूबाईनं तिला दंडाला धरलं होतं.

"तुमी गिरणीपशी खाकारला तवाच उठल्या," सरूबाई चिडून म्हणाली. "आदी बरं व्हतं. आता तर जास्तच येळ उभ्या ऱ्हात्यात."

भिमाजी सरूबाईकडंच बघत म्हणाला, "तिला म्हणावं, मीच सांगतोय. बस."

"ऐकलं का आत्याबाई? खुद्द दादाच म्हनत्यात."

"त्ये म्हनतील," प्रयागबाई भिंतीला म्हणाली. "त्यांचा मोठेपना हाये. म्हनून आपन बसायचं व्हय?"

भिमाजी रोजचा चहा न घेताच माघारी फिरला. दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याची बायको कधीच गेलेली, पोरगा भोसरीला कंपनीत. स्टोव्हवर स्वतःच चहा करायचा. दूध उतू घालवायचा.

पाचव्या दिवशी भर उन्हात दारात सावली आली. प्रयागबाई. एकटीच. चौकटीला धरून उभी, कपाळावर पट्टी, चालून दम लागलेला. भिमाजी खाटेवर होता. घरात तिसरं माणूस नव्हतं.

"कुनाचं काय चुकलं आसंल तर सांगावं," ती चौकटीला म्हणाली. "घरचा च्या बी वर्ज केला."

"कुनाचं काय चुकलं न्हाई." तोही चौकटीलाच बोलला. "बस. खाट हाये."

ती बसली नाही. बोटं चौकटीवरून खाली घसरली. भिमाजी उठला, हात पुढं केला. ती अंग चोरून मागं सरली आणि जास्तच झुलली. त्यानं हात मागं घेतला.

मग तो मागच्या दारानं बाहेर गेला. चपला पुढच्या दारात राहिल्या होत्या. फरशी तव्यासारखी तापलेली. एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत, भिंतीला कान लावून तो उभा राहिला.

बऱ्याच वेळानं आत खाट वाजली. बसली.

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. आत जायची सोय नव्हती. तिला एकटीला टाकून कुठं जायचीही नव्हती.

शेजारची लंकाबाई धुणं वाळत घालत होती. बघून थांबली. "अवो भिमाजीदादा," तिनं मोठ्यानं विचारलं, "सोताचं घर सोडून अनवानी उनात काय करताय?"

त्यानं घाईघाईनं तोंडावर बोट ठेवलं.

आत खाट परत वाजली.