हिरवळीवरून चालण्याबाबत

ग्रंथालयासमोरच्या हिरवळीला टक्कल पडलं होतं, आणि त्याला कारण कॅन्टीन. ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरून रस्त्याने कॅन्टीनला जायचं तर चार मिनिटं लागायची आणि हिरवळ तिरकी कापली तर दीड. विद्यापीठातल्या माणसांना, मग तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो की विभागप्रमुख, या अडीच मिनिटांची फार निकड असते. त्यापायी वर्षानुवर्षं गवताच्या मधोमध एक पिवळट, टणक वाट पडली होती, डोक्यात भांग पाडावा तशी.

बाग विभागाच्या मुख्य माळ्यांनी, ज्यांना सगळे माळीकाकाच म्हणत, या वर्षी मनावर घेतलं. ते नोकरीला लागले तेव्हा ही हिरवळ अखंड होती. निवृत्तीला आता दोन वर्षं उरली होती, आणि जाताना ती मिळाली तशी सोपवावी एवढंच त्यांच्या मनात होतं. थंडी सरल्यावर त्यांनी ती वाट कुदळीने फोडली, ढेकळं हाताने चुरली, वर चाळलेल्या पानखताचा थर दिला आणि बी पेरलं. भोवती खुंट्या ठोकून दोरी बांधली. पेरल्यापासून तीन आठवडे कुणाचा पाय पडला नाही तर काम फत्ते होणार होतं.

मग त्यांनी बियांच्या रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, ‘ग्रंथालयासमोरच्या हिरवळीत नवीन बी पेरलं आहे. तीन आठवडे त्यावरून चालू नये. — बाग विभाग’, आणि पाकीट मेहुणीच्या हातात दिलं.

मेहुणी, म्हणजे त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, विद्यापीठाच्या संवाद विभागात होती. दर सोमवारी निघणारं सूचनापत्रक तीच जुळवायची. पूर्वी त्याचं नाव ‘सूचना’ होतं. नवे संचालक आल्यापासून ते ‘बहर’ झालं होतं आणि वसंत सत्रापुरतं त्याखाली ‘घोषणा आणि संधी’ असंही छापून येई. या संचालकांना पाठीमागे सगळे सकारात्मक साहेब म्हणत. ‘नाही’, ‘नको’, ‘बंद’ आणि ‘रद्द’ हे शब्द विद्यापीठाच्या कुठल्याही सूचनेत येता कामा नयेत, असं त्यांनी आल्या आल्या ठरवून टाकलं होतं. तसा आदेश काढताना त्यात हेच चार शब्द आले, म्हणून तो आदेश त्यांनी तोंडीच दिला.

तेव्हापासून रसायनशास्त्राच्या इमारतीची लिफ्ट बिघडली की ‘पायऱ्यांमधून आरोग्याकडे’ असा उपक्रम जाहीर व्हायचा. वसतिगृहाचं पाणी गेलं की ‘जलजाणीव दिवस’. एकदा निकाल लांबले, तेव्हा ‘उत्सुकता पंधरवडा’ साजरा झाला होता.

मेहुणीने पाकीट साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

“चालू नये,” ते म्हणाले. “हे वाचून माणसाला काय वाटेल?”

“चालू नये असं वाटेल, सर.”

“तेच तर. त्याला दार लावून घेतल्यासारखं वाटेल. वसंतात आपण दार लावायचं?”

“सर, बी पेरलंय. तुडवलं तर उगवणार नाही.”

“उगवणार,” साहेबांनी तो शब्द उचलला आणि बाकीचं वाक्य तिथेच सोडून दिलं. “किती सुंदर गोष्ट आहे ही. आणि आपण ती लपवतोय.”

सोमवारी सकाळी ‘बहर’ सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. त्यात पहिल्याच क्रमांकावर होतं, ‘वसंतातील नवजीवनाचे साक्षीदार व्हा. ग्रंथालयासमोरील हिरवळीत जीवन अंकुरत आहे. पुढील तीन आठवडे ही दुर्मीळ संधी सर्वांसाठी खुली.’

माळीकाका तेव्हा रोपवाटिकेत कुंड्या भरत होते. त्यांना ‘बहर’ येत असे, पण ते उघडत नसत. अकराच्या सुमारास हातातली झारी घेऊन ते हिरवळीकडे गेले आणि लांबूनच थबकले. पेरलेल्या पट्ट्यावर तीसचाळीस माणसं उभी होती. काही वाकून जमिनीचे फोटो काढत होती. मानसशास्त्राच्या बाईंनी अख्खा वर्ग आणला होता आणि तो वर्ग डोळे मिटून पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत होता. दोरीचा उपयोगही झाला होता. लोकांनी तिच्या कडेने रांग लावली होती.

“अहो, बाजूला व्हा,” काका म्हणाले. “बी पेरलंय इथे.”

एका संशोधक विद्यार्थिनीने त्यांच्यापुढे मोबाइल धरला. “काका, सर्वांसाठी खुली असं लिहिलंय.”

“ती सूचना मीच दिलीय.”

“अच्छा, म्हणजे तुम्ही आयोजक,” ती म्हणाली. “मग प्रमाणपत्रासाठी सही कुठे करायची?”

काकांनी झारी खाली ठेवली. मागून कुणीतरी विचारलं की चहाची सोय आहे का, आणि उत्तराची वाट न बघता तो रांग सोडून कॅन्टीनकडे निघाला, अर्थात तिरका.

काका तसेच, मातीच्या हातांनी, संवाद विभागात गेले. सकारात्मक साहेबांनी उठून त्यांचं स्वागत केलं. वसंतातली सर्वांत जास्त उघडली गेलेली सूचना तीच होती. कुलगुरूंच्या दीक्षान्त भाषणालाही तिची सर नव्हती.

“साहेब, माझं बी गेलं.”

“काका, तुमचं बी चार हजार लोकांपर्यंत पोचलं.”

“पोचलं नाही, चिकटलं. चपलांना. शुद्धिपत्र काढा.”

साहेबांच्या कपाळावर पहिल्यांदाच थोडी आठी उमटली. शुद्धिपत्र म्हणजे चूक झाल्याची कबुली, आणि ‘चूक’ हा शब्दसुद्धा पाचवा म्हणून यादीत घ्यावा असा त्यांचा विचार चालला होता. तरी काकांचं वय बघून त्यांनी मधला मार्ग काढला. ‘अधिक माहिती’ देता येईल, ते म्हणाले. बी नाजूक आहे, हे लोकांना कळायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी अधिक माहिती गेली. ‘अंकुर नाजूक असतात. हळुवार पावलांनी या.’

मंगळवारी लोक अनवाणी आले.

त्या संध्याकाळी काका घरी गेले ते हातपाय न धुताच खुर्चीत बसले. बायकोने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. जमीन पुन्हा दगडासारखी झाली होती. पंधरा दिवस हाताने चुरलेली ढेकळं दोन दिवसांत परत घट्ट झाली होती. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना लाज वाटत होती, आपल्याला धड एक ओळ लिहिता येत नाही याची.

थोड्या वेळाने मेहुणी आली. ती दारातच घोटाळली.

“भाऊजी, मी सांगितलं होतं हो त्यांना.”

“तुझा काय दोष,” काका म्हणाले.

“आहे ना,” बायको आतून म्हणाली. “बावीस वर्षं तिथे बसते आणि एक ‘नये’ वाचवता येत नाही.”

“ताई, मागच्या महिन्यात मी एक ‘नये’ वाचवला होता. विजेच्या डबीला हात लावू नये. त्यासाठी दोन बैठका झाल्या.”

बायकोने तिच्यापुढे चहा ठेवला आणि विषय तिथेच राहिला.

बुधवारी दुपारी एक वेगळीच गोष्ट घडली. काका उरलंसुरलं बी बघायला रोपवाटिकेच्या शेडमध्ये गेले, तर खताच्या पोत्यांमागे कुजबुज ऐकू आली. त्यांनी डोकावून पाहिलं. परीक्षा विभागाचे दोन कारकून आणि इतिहासाचे विभागप्रमुख उलट्या कुंड्यांवर बसले होते.

“इथे काय करताय, सर?”

“फुलं बघतोय,” विभागप्रमुख म्हणाले.

“इथे खत आहे, सर. फुलं पलीकडे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी एका कारकुनाने खरं सांगितलं. सभागृहात ‘कार्यक्षमता संवर्धन प्रशिक्षण’ चालू होतं. दोन तासांचं, सर्वांना अनिवार्य, मध्ये गटचर्चा आणि शेवटी अभिप्रायाचा अर्ज. दारात नाव लिहून घेत होते, म्हणून माणसं दाराच्या आसपासही फिरकत नव्हती.

“सभागृहावरून जायचं टाळून मी तर मागच्या कुंपणातून आलो,” विभागप्रमुखांनी पँटचा फाटलेला काठ दाखवला.

काकांनी त्यांना पाणी पाजलं आणि बसा म्हणाले. बियांचं उरलेलं पाकीट हातात घेऊन ते बराच वेळ दारात उभे होते. मग त्यांनी मेहुणीला फोन केला. “संध्याकाळी ये. येताना तुमची ती भाषा घेऊन ये.”

तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. काका आशय सांगत होते, मेहुणी लिहीत होती, आणि बायको भाजी निवडता निवडता भर घालत होती. अभिप्रायाचा अर्ज किती पानी, यावर काका चार म्हणाले. बायको म्हणाली, “आठ. आणि वर स्वतःची उद्दिष्टं लिहायला लावा.” मेहुणी हसता हसता दोनदा खोकली. बावीस वर्षांत आपल्या कामाचा आपल्याला असा आनंद झाला नव्हता, असं ती पुढे कितीतरी दिवस सांगत असे.

सकाळी तिने मजकूर साहेबांपुढे ठेवला. ‘व्यक्तिमत्त्व रुजवण अभिमुखता कार्यशाळा. स्थळ : ग्रंथालयासमोरील हिरवळ, दोरीच्या आत. कालावधी : पुढील तीन आठवडे, दररोज. दोरीच्या आत पाऊल ठेवणारी प्रत्येक व्यक्ती आपोआप नोंदणीकृत समजली जाईल. नोंदणीनंतर संपूर्ण उपस्थिती अनिवार्य. गटचर्चा, सादरीकरण आणि आठ पानी अभिप्राय. समन्वयक : मुख्य माळी.’

साहेबांनी तो तीनदा वाचला. चारांपैकी एकही शब्द त्यात नव्हता. “हे तुम्ही लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

“भाऊजींनी सुचवलं, सर.”

“बघा. माणूस मोकळा होतो. त्याला फक्त संधी द्यावी लागते.”

काकांनी रविवारी माती पुन्हा फोडली, पुन्हा खत पसरलं, पुन्हा पेरलं. सोमवारी ‘बहर’ निघालं. साडेनऊला नेहमीचा लोंढा ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरला, दोरीपाशी आला आणि दगड मध्ये आल्यावर पाणी वळावं तसा दोन्ही बाजूंनी वळला. मानसशास्त्राच्या बाई वर्गासकट उलट फिरल्या. एका मुलाचा चेंडू दोरीच्या आत गेला, तर त्याने तो सोडून दिला. स्वतः सकारात्मक साहेब, जे रोज हिरवळ कापूनच कॅन्टीनला जात, ते घड्याळाकडे बघत रस्त्याने लांबून गेले.

फक्त एक माणूस आला. गणिताचे निवृत्त प्राध्यापक. घरी बायको गेल्यापासून ते विद्यापीठातलं प्रत्येक व्याख्यान, प्रत्येक शिबिर, प्रत्येक उद्घाटन न चुकता गाठत. मंगळवारी सकाळी ते वही घेऊन दोरीपाशी उभे राहिले.

“कार्यशाळा इथेच ना? नोंदणी करायची होती.”

काका चांगलेच पेचात पडले. खरं सांगावं तर लोक ऐकतील, खोटं सांगावं तर समोर हा पांढऱ्या केसांचा माणूस. “सर, दोरीच्या बाहेरूनच बसा,” ते शेवटी म्हणाले. “पहिला आठवडा निरीक्षणाचा असतो.”

सर बाकावर बसले आणि त्यांनी निरीक्षण केलं. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना चाळणी दिली. मग झारी. तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं की एका हातात किती बी घेतलं की किती जागेत पडतं, आणि दोघांनी मिळून ते जुन्या वर्तमानपत्रावर टाकून पाहिलं. नवव्या दिवशी सकाळी सर बाकावरून उठून दोरीपाशी उकिडवे बसले होते. मातीवर हिरवट धूर पसरल्यासारखं काहीतरी दिसत होतं, नुसतं उभं राहून दिसलं नसतं असं.

“काका,” ते हळूच म्हणाले, “आलंय.”

तीन आठवड्यांनी गवत बोटभर झालं. सरांनी आठ पानी अर्ज खाडाखोड न करता भरून दिला. उद्दिष्टांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘सकाळी कुठेतरी जाणे.’ काकांनी तो अर्ज कचेरीत दिला नाही. घरी नेऊन कपाटात ठेवला.

कचेरीला मात्र अहवाल हवा होता. काकांनी सहभागींच्या रकान्यात खरं ते लिहिलं : एक. पुढच्या ‘बहर’मध्ये छापून आलं, ‘व्यक्तिमत्त्व रुजवण कार्यशाळेला एकमेवाद्वितीय प्रतिसाद.’ त्यावरून कुलगुरूंनी साहेबांचं बैठकीत कौतुक केलं, आणि साहेबांनी अशी कार्यशाळा प्रत्येक विभागात घेण्याचं मनावर घेतलं.

काकांनी खुंट्या उपटल्या, दोरी गुंडाळली, पहिली कापणी केली. हिरवळ या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी झाली होती. आता तिच्यावर कुणी बसलं, लोळलं, डबा खाल्ला तरी तिला काही होणार नव्हतं. गवत त्यासाठीच तर असतं. पण कुणी पाय ठेवेना.

काकांनी एका मुलीला हाक मारली. तीच ती, प्रमाणपत्र मागणारी. “अगं, जा की मधून. दोरी काढलीय आता.”

तिने गवताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “नको काका,” ती म्हणाली. “मला खरंच वेळ नाहीये,” आणि चार मिनिटांच्या रस्त्याने निघून गेली.

काका काही वेळ तिथेच उभे राहिले. त्यांना हसूही येत होतं आणि थोडं वाईटही वाटत होतं. तेवढ्यात गणिताचे सर आले. त्यांनी चपला काढून कडेला जोडीने ठेवल्या, गवताच्या मधोमध जाऊन बसले, वही डोक्याखाली घेतली आणि आडवे झाले. काकांनी कापणीचं यंत्र बंद करून शेडमध्ये नेऊन ठेवलं, म्हणजे त्यांची झोपमोड होणार नाही.