चालू बॉयलरचा आकडा

वाफेकाका चौपन्न वर्षांचे. त्यातली बावीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरपुढे गेली. गेजचा काटा जरा हलला की आत काय बिनसलंय ते त्यांना कळायचं. स्वतःच्या अंगातल्या प्रेशरचा मात्र पत्ता नव्हता. दरवर्षी तपासणीला येणारा डॉक्टर दंडाला पट्टा बांधायचाच नाही. रांगेतल्या झाडून सगळ्यांच्या कार्डावर एकच आकडा ठोकायचा आणि जेवायला पळायचा. लोक त्याला भला माणूस म्हणायचे. कसला भला? आळशी होता, आळशी!

यंदा नवी डॉक्टरीणबाई आली. तिने पट्टा बांधून दोनदा मोजलं. वरचा एकशे छप्पन्न, खालचा अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे बीपी लागलं?" काकांनी विचारलं.

"एका दिवसाच्या आकड्यावर मी कुणाला रोगी ठरवत नाही. आम्हाला बघूनच कित्येकांचं चढतं. घरी मशीन न्या, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा आणि लिहून आणा. कसं मोजायचं ते सिस्टर सांगतील."

"आणि माझा बॉयलर?"

"बीपी दुसऱ्या पायरीचं, म्हणजे फारच चढलेलं निघालं, तर आटोक्यात येईपर्यंत बॉयलर बंद. गेटवर बसायचं."

गेट! येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायचा! काकांच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. सिस्टर पुढे काय सांगत होती, ते डोक्यावरून गेलं.

घरी पहिल्याच संध्याकाळी चार मजले चढून ते आत आले आणि धापा टाकत, उभ्या-उभ्याच दंडाला पट्टा बांधू लागले.

"अहो, जरा दम तरी खा," बायको म्हणाली.

"अगं, थंड बॉयलरचं प्रेशर बघून काय कळणार? यंत्र तपासायचं ते लोडवर."

"तुम्ही यंत्र आहात का?"

"तू गप्प बस, मला आकडा लिहू दे."

सकाळी मोजायचं तर ते आधी मुद्दाम खाली जाऊन वर चढून यायचे. आलेला प्रत्येक आकडा त्यांनी खरा लिहिला. दोन-चार कमी लिहिले असते तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण लॉगबुकात खोटं लिहायची सवय त्या हाताला नव्हती.

आठवड्याची सरासरी निघाली एकशे बहात्तर, एकशे चार.

"ही सरळ दुसरी पायरी," असं म्हणत डॉक्टरीणबाईने फॉर्म पुढे ओढला.

सिस्टरला राहवलं नाही. "काका, मोजताना बसला होतात कसे?"

"बसतोय कशाला? जिने चढून आलो की लगेच लावायचो. फुल लोडवर!"

सिस्टरने मास्कमध्ये हसू दाबलं. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं. "मी न विचारताच फॉर्म भरत होते. चूक माझीही आहे. काका, बॉयलर विझवला की थंड होतो. माणूस विझत नाही. निवांत बसल्यावरही जे चढलेलं राहतं, ते दिवसरात्र नसा ताणत असतं. मला तो आकडा हवा आहे. अर्धा तास आधी चहा नाही, विडी नाही. लघवी करून या. पाठ टेका, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प, मग मोजा."

गप्प बसणं काकांना जिन्यापेक्षा जड गेलं. बायको मात्र खूश होती. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, घरात एवढी शांतता पहिल्यांदाच. दिवसातून चारदा मोजू या की!"

या वेळी सरासरी आली एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी.

"सुटलो!" काका म्हणाले.

"सुटला नाहीत. घरी मोजताना एकशे पस्तीस, पंच्याऐंशी ही रेघ. तुम्ही तिच्या वर आहात. बीपी आहेच, पण पहिल्या पायरीचं. मीठ कमी, रोज चालणं, सकाळी एक गोळी. बॉयलरवर जा, पण नव्या गोळीने चक्कर येऊ शकते, म्हणून महिनाभर जोडीदार घेऊन. मग पुन्हा बघू."

मॅनेजरने डॉक्टरीणबाईचा कागद वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "जोडीदार कुठून आणू? काका, ही अट आपण खोडून टाकू. तुम्ही काय आज मरताय थोडेच!"

गप्प राहिले असते तर बॉयलर त्यांचाच होता, एकट्याचा. काकांनी कागदावर पालथा पंजा ठेवला.

"साहेब, सेफ्टी वॉल्व्ह दोरीने बांधून बॉयलर पेटवा म्हणालात, तर मी पेटवीन का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"पेटवीन का, तेवढं सांगा."

साहेबाने काकांकडे पाहिलं, मग कागदाकडे. तोंड वाकडं करत त्याने फोन उचलला आणि दुसऱ्या पाळीच्या बॉयलरवाल्याला लवकर यायला सांगितलं.